पाठीवरचे बाजारबुणगे

शनिवारी रात्री नऊनंतर कात्रजच्या थांब्यावर दोन तऱ्हेची माणसं उभी असतात. एक गावाला जाणारी आणि दुसरी डोंगराला जाणारी. गावाला जाणाऱ्यांचं सामान जमिनीवर असतं. तांदळाचं पोतं, पत्र्याची पेटी, प्लॅस्टिकची बादली आणि त्या बादलीच्या पोटात बसवलेला मिक्सर. साताऱ्याची एसटी आली की हे सगळं अर्ध्या मिनिटात आत जातं आणि लगेजच्या तिकिटावरून कंडक्टरशी वाद सुरू होतो. डोंगराला जाणाऱ्यांचं सामान पाठीवर असतं. ते खाली ठेवायची सोय नसते, कारण एकदा उतरवलेली सॅक पुन्हा चढवायची तर दोन मित्र लागतात, आणि मित्रांच्याही पाठीवर सॅका असतात. मनगटावर रंगीत दोरीचं कडं, छातीवरच्या पट्ट्याला शिट्टी, सॅकला बाहेरून लटकवलेला स्टीलचा मग, पिवळ्या कॅरीमॅटची गुंडाळी आणि डोक्याला बांधलेला दिवा. दिवा थांब्यावरच्या हॅलोजनच्या उजेडातही चालू असतो.

पोत्यावर बसलेल्या एखाद्या आजी न राहवून विचारतात, "कुठं निघालास रं बाळा?"

"सिंहगडला, आजी."

"आन् माघारी कवा?"

"उद्या दुपारी."

आजी त्या सॅककडे खालून वर बघतात. "मग एवढं?"

या प्रश्नाला कात्रजच्या थांब्यावर आजवर कोणी समाधानकारक उत्तर दिलेलं मी ऐकलेलं नाही.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या कात्रज घाटाने बोगद्यापाशी जायचं, तिथल्या वाघजाईला हात जोडायचे आणि बाजूने डोंगराच्या धारेवर चढायचं. मग रात्रभर एक टेकडी चढायची, उतरायची, की पुढची तयारच असते. शेवटी सिंहगडाचा डांबरी रस्ता लागतो. अंतर पंधरा-सोळा किलोमीटर, वेळ सहा ते आठ तास. टेकड्या तेरा आहेत असं सगळे सांगतात. सातवीनंतर मोजणाऱ्यांचा जो काही सूर लागतो तो ऐकला की तेरा हा आकडा कोणी झेपतील तेवढ्या मोजून नक्की केला असावा अशी शंका येते. पौर्णिमेच्या आसपासचा शनिवार असला तर धारेवर एवढी वर्दळ असते की एका ग्रुपचा माणूस दुसऱ्या ग्रुपबरोबर चालत जातो आणि चौथ्या टेकडीवर त्याला कळतं.

आता यात जिवावर बेतावं असं काय आहे? चालताना उजव्या हाताला अख्खं पुणं दिव्यांत झगमगत असतं. डाव्या हाताला, निदान सुरुवातीला, खेड शिवापूरच्या बाजूने पळणाऱ्या ट्रकांचे दिवे. समोर सिंहगडावरच्या टीव्ही टॉवरचे लाल दिवे, जे पहिल्या टेकडीवरून जेवढे लांब दिसतात तेवढेच नवव्या टेकडीवरूनही दिसतात. मोबाईलला बऱ्याच जागी रेंज असते. लोक अंधारात धापा टाकत घरी व्हिडिओ कॉल करतात. हरवण्याची इच्छा असलेल्या माणसालासुद्धा इथे कष्ट घ्यावे लागतील. तरीही पाठीवरचं सामान पाहावं तर माणूस महिनाभर अन्नपाण्यावाचून अडकणार आहे अशा तयारीचं.

सामान किती न्यावं याचे धडे महाराष्ट्राला इतिहासाने दोनदा दिलेले आहेत, दोन्ही वेळा फी घेऊन. पहिला धडा तर याच मुलुखातला. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री महाराज निवडक माणसं घेऊन लाल महालात शिरले, शाहिस्तेखानाची बोटं घेऊन बाहेर पडले आणि सिंहगडाकडे निघून गेले. बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते कात्रजच्या घाटात सोडले आणि मोगल फौज त्या उजेडामागे धावत सुटली, ही गोष्ट आपण शाळेत ऐकली. ती जशीच्या तशी घडली का, हे इतिहासकारांवर सोडू. सामानाच्या दृष्टीने तिच्यातली व्यवस्था चोख आहे: जे काही वाहायचं ते बैलांकडे, माणसं मोकळी. साडेतीनशे वर्षं उलटून गेली तरी दर शनिवारी रात्री कात्रजच्या डोंगरावर डोक्याला दिवे बांधलेली एक लांबलचक रांग हलताना दिसते. खान असता तर पुन्हा फसला असता.

दुसरा धडा १७६१ चा. पानिपतावर लढणाऱ्यांबरोबर बायकामुलं होती, काशी-प्रयागच्या ओढीने निघालेले यात्रेकरू होते, दुकानदार होते आणि सगळ्यांची मिळून जी पोटं होती ती फौजेला भरायची होती. या बिनलढाऊ लवाजम्याला बाजारबुणगे म्हणत. रसद तुटली तेव्हा त्यांचं ओझं केवढं आहे हे कळलं. तेव्हापासून मी कोणाचीही सॅक बघितली की मनातल्या मनात आतल्या मालाची शिरगणती करतो. लढणारे किती, बाजारबुणगे किती?

माझ्या भाच्याच्या सॅकची शिरगणती मला अगदी जवळून करता आली.

भाचा आयटीत आहे. दिवसभर खुर्चीत बसतो आणि रात्री मोबाईलवर अशा माणसांचे व्हिडिओ बघतो जे कधीच खुर्चीत बसत नाहीत. बर्फात एकटाच राहिलेला एक दाढीवाला गृहस्थ लाकडावर लाकूड घासून विस्तव करतो, झाडाची साल सोलून उकळून पितो आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बघून समाधानाने हसतो. कॅमेरा कोण धरून आहे आणि त्याने काय खाल्लं, हे सांगत नाहीत. असे शे-दोनशे व्हिडिओ झाल्यावर भाच्याने कात्रज-सिंहगडचं ठरवलं आणि सॅक घ्यायला आम्ही तिघे गेलो. तो, मी आणि दाजी. दाजी मूळचे कोरेगावकडचे. आयुष्यात त्यांनी खांद्यावर वाहिलेलं सामान एकत्र केलं तर एक टेम्पो भरेल, पण त्यासाठी दुकानात जावं लागतं ही कल्पना त्यांना नवी होती.

दुकानातल्या पोराने पहिलाच प्रश्न विचारला, "सर, किती लिटरची?"

दाजी माझ्याकडे बघायला लागले. पिशवी लिटरवर मिळते हे त्यांना पटेना. "दूध ठेवायचंय का हिच्यात?" त्यांनी हळूच विचारलं. कात्रजला राहणाऱ्या माणसाला लिटर म्हटल्यावर दुसरं काय सुचणार?

"किती दिवसांचा ट्रेक आहे?" पोराने सोपं करून विचारलं.

"एका रात्रीचा," भाचा म्हणाला.

"मग वीस लिटर बास झाली."

हे पोरगं प्रामाणिक होतं आणि त्यामुळे त्या धंद्यात टिकेल असं मला वाटलं नाही. पण भाच्याची नजर वर टांगलेल्या साठ लिटरवर गेली होती. "पुढे हिमालयात जायचंच आहे," तो म्हणाला, "तेव्हा परत कशाला घ्यायची?" आणि इथे दाजी एकदम त्याच्या बाजूने झाले. ज्या बापाने पोराला दहावीपर्यंत वाढत्या अंगाचे शर्ट घातले त्याला वाढत्या अंगाची सॅक लगेच पटते. आपल्याकडे सॅक कोणी आजच्या डोंगरासाठी घेतच नाही. ती पुढच्या, अजून न ठरलेल्या, रजा न मिळालेल्या डोंगरासाठी घेतली जाते. साठ लिटरच्या सॅकची खरी गोम अशी की ती अर्धी रिकामी नेता येत नाही. आतलं सामान खुळखुळतं, सॅक पाठीवर डुलते आणि शिवाय रिकामी जागा बघवत नाही. मग माणूस ती भरतो.

त्या पोराने मग भाच्याचं माप घेतलं. मान खाली वाकवायला लावली, मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं तिथे टेपचं टोक धरलं आणि खाली कमरेच्या हाडांच्या रेषेपर्यंत आणलं. माणसाच्या उंचीवर सॅक ठरत नाही, पाठीच्या या लांबीवर ठरते; सहा फुटी माणसाची पाठ आखूड आणि साडेपाच फुटीची लांब असू शकते. दाजींनी हे सगळं लक्षपूर्वक पाहिलं. "माप घेऊनच करायचं तर रविवार पेठेत शिवूनच घेऊ की," ते म्हणाले. "निम्म्यात होईल. आत अस्तरपण लावून देतील."

पुढे त्या पोराने सॅकमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दाखवली ती म्हणजे कमरेचा रुंद, गादी लावलेला पट्टा. तो नीट आवळला की बहुतेक वजन खांद्यावरून कमरेवर उतरतं आणि कमरेचं हाड ते निमूट वाहतं. अमेरिकेत डिक केल्टी नावाच्या माणसाने १९५२ च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅका विकायला सुरुवात केली. त्याची गोष्ट अशी सांगतात की डोंगरात चालताना त्याने सॅकच्या चौकटीची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशात खोचून पाहिली आणि खांदे एकदम हलके झाले. पुढे या पट्ट्याने जगभरच्या डोंगरवाल्यांचे खांदे वाचवले. आपल्याकडे मात्र तो कोणी लावत नाही. तो दोन्ही बाजूंना लोंबकळत असतो, झुडपांत अडकतो आणि बसमध्ये शेजारच्याच्या गुडघ्याला बक्कल मारतो. कारण विचारलं तर पोट आवळतं म्हणतात. खरं कारण असं की पट्टा लावल्यावर पोट किती आहे ते दिसतं. भाच्यानेही आरशात एकदा लावून पाहिला आणि सोडून टाकला.

सॅकबरोबर इतर सटरफटर आलं. ठिणगी पाडायची एक कांडी आली. ही तेवढी मला अजिबात पसंत नव्हती. पावसाळा सरला की या धारेवरचं गवत कमरेएवढं वाढून वाळलेलं असतं आणि एका ठिणगीने डोंगरच्या डोंगर वणव्यात जातो. तिथे नेऊ नये अशी एकच वस्तू निवडायची तर ती हीच. दिशा दाखवणारं होकायंत्र आलं, जिथे टीव्ही टॉवर रात्रभर दिशाच दाखवत असतो. अंगाची ऊब राखणारा चंदेरी कागद आला. आणि एक नळी आली, जी डबक्यात बुडवून ओढलं की म्हणे शुद्ध पाणी तोंडात येतं. नळी चांगलीच असेल. अडचण एवढीच की त्या धारेवर अशुद्ध पाणीसुद्धा नाही. खाली कात्रजच्या तलावातून अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी जमिनीखालून दगडी नळ बांधून थेट शनिवारवाड्यापर्यंत पाणी खेळवलं. वर डोंगरावर भरवशाचा थेंब नाही. कात्रजचं पाणी पेशवाईपासून शहराकडेच वाहतं आहे.

शुक्रवारी रात्री सॅक भरायचा कार्यक्रम झाला. भाच्याने शास्त्र वाचलेलं होतं आणि ते बरोबर होतं. हलकं आणि उशिरा लागणारं तळाशी. जड ते पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या मधोमध. वारंवार लागणारं वरच्या कप्प्यात. एकूण वजन आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाता कामा नये, आणि एका दिवसाचं तर दहाव्या हिश्श्यात बसावं. त्याने सगळं पलंगावर मांडलं, वजनकाट्यावर बेरीज केली आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. ही त्याची वैऱ्याची रात्र होती.

कारण मग ताई आली. तिने तळाशी जाड स्वेटर घातला. "वर थंडी असते." त्यावर दुसरा स्वेटर, कारण मित्रांपैकी कोणी आणलाच नाही तर? मग लाडवांचा डबा. हा डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा आणि आईच्या हिशेबात खाऊ नेहमी सर्वांत वर असतो, त्यामुळे सॅकमधली सगळ्यात जड वस्तू भाच्याच्या मानेच्या मागे जाऊन बसली. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा, बाकरवडी. औषधांचा पुडा, ज्यात घरातल्या सगळ्यांची औषधं होती. आजोबांची बीपीची गोळीसुद्धा, जे आजोबा येणार नव्हते. दाजींनी मोठी बॅटरी आणून ठेवली, तीन सेलची, गोठ्यात मारायची. "डोक्यावरच्या दिव्याचा काय भरवसा?" सापाची भीती सगळ्यांनाच होती, आणि कात्रजला राहून ती असावी हे मला नेहमी गमतीचं वाटतं. इथलं सर्पोद्यान १९८६ पासूनचं आहे आणि ते उभं करणारे नीलिमकुमार खैरे हे १९८० साली पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर एका काचेच्या खोलीत ७२ तास राहिलेले गृहस्थ. त्यांना असल्या सॅकची गरज पडल्याचं ऐकिवात नाही. ताईला मी म्हटलं की सापाला उपाय एकच, पायात घोट्यापर्यंतचे बूट, पुढे उजेड, आणि चावलाच तर चिरणं-चोखणं न करता, तो पाय न हलवता गाठायचं सरकारी हॉस्पिटल, जिथे प्रतिविष असतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एक ब्लेडचं पाकीट काढून हळदीची पुडी घातली.

सगळ्यात शेवटी भाच्याची आजी आली. तिने एका कागदाच्या चपट्या पुडीत वाघजाईचा अंगारा दिला. साधारण एक ग्रॅम. त्या अख्ख्या सॅकमध्ये वजनाच्या मानाने जास्तीत जास्त धीर देणारी वस्तू तीच होती. हलकं सामान विकणाऱ्या परदेशी कंपन्यांना अजून तिथवर पोचता आलेलं नाही.

मलाही बरोबर धाडण्यात आलं. सॅकमध्ये मावलो नाही म्हणून मी आपला पायी गेलो.

हे ओझं एका भाच्याचं नाही हे मी मान्य करतो. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेला ओत्झी नावाचा माणूस पाच हजार तीनशे वर्षांपूर्वीचा. त्याच्यापाशी तांब्याची कुऱ्हाड, धनुष्य, बाण, सुरी, निखारा ठेवायचं सालीचं भांडं, औषधी अळंबी आणि, विद्वानांच्या मते, हेझलची काठी वाकवून केलेली पाठीवरच्या ओझ्याची चौकटसुद्धा होती. इतका तयारीचा माणूस आजच्या कुठल्याही ग्रुपमध्ये लीडर झाला असता. त्याला मागून खांद्यात बाण लागला. त्यावरचं काही त्याच्या सामानात नव्हतं. उलट टोकाला अमेरिकेतल्या एमा गेटवूड या आजी. अकरा मुलांची आई, तेवीस नातवंडं. वयाच्या ६७ व्या वर्षी, १९५५ साली, त्या घरी शिवलेली एक झोळी एका खांद्यावर टाकून निघाल्या आणि तीन हजार किलोमीटरहून जास्त लांबीची ॲपलाचियन वाट एकट्याने चालून गेल्या. पायात साधे कापडी बूट, पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. घरी फिरायला जाते म्हणून सांगितलं होतं. मला यातलं शेवटचं वाक्य निर्णायक वाटतं. सगळं सांगून निघाल्या असत्या तर अकरा मुलांनी मिळून सॅक भरली असती.

तर आमची रात्र. तीसेक जणांची रांग होती. पुढे वाट दाखवायला एक स्थानिक पोरगा. त्याच्या हातात काठी, खिशात चार शेंगदाणे आणि पाठीवर काहीच नाही. त्याच्या मागे एक मुलगी, सह्याद्रीत जी चिमुकली दहा लिटरची स्वस्त सॅक दर दुसऱ्या पाठीवर दिसते ती घेतलेली. तिने धारेवर ना कशाबद्दल तक्रार केली, ना कोणाला काही मागितलं. मी रात्रभर तिच्या सॅककडे बघत होतो. ती प्रत्येक थांब्यावर रिकामी होत होती, म्हणजे तिच्यात पाणी होतं.

भाच्याची सॅक दुसऱ्या टेकडीपासून बोलायला लागली. पाऊल पडलं की डबा मगला लागायचा, मग बॅटरीला. मागचे लोक त्या तालावर चालू लागले. चढताना ठीक होतं. उतारावर कात्रजचा डोंगर आपलं खरं रूप दाखवतो. सुटी मुरमाड माती, तिच्यावर गोट्यांसारखे खडे, आणि धरायला गवताच्या काड्या. इथे पाठीवरचं वजन उंच आणि मागे असलं की पाय पुढे जातात आणि सॅक म्हणते, मी इथेच थांबते. भाचा बसला. उठला, पुन्हा बसला. चौथ्या टेकडीपासून त्याने उठण्याचा भाग सोडून दिला आणि बसल्या बसल्याच उतरू लागला. ही पद्धत अनुभवी मंडळीही वापरतात. पँटला ती मानवत नाही.

रात्री दोनच्या सुमारास, अर्ध्या वाटेवर, भाचा जवळ येऊन अगदी हळू आवाजात म्हणाला, "मामा, पाणी आहे?"

त्याच्या पाठीवर दोन स्वेटर होते, चंदेरी कागद होता, पाणी शुद्ध करायची नळी होती, दोन किलो लाडू होते. पाणी एकच लिटर होतं आणि ते संपलं होतं, कारण बाटल्यांच्या जागी बॅटरी आणि डबा बसला होता. पाणी जड असतं. लिटरला किलो, त्यात हिमालयासाठी लावलेले शोधही काही करू शकले नाहीत. म्हणूनच सामान आवरताना सगळ्यात आधी हात बाटलीवर जातो. पानिपतावरही रसदच कमी पडली होती, बुणगे नाही.

मला विचाराल तर या धारेला तीन ते चार लिटर पाणी लागतं आणि त्यातल्या एका बाटलीत मीठ-साखर किंवा इलेक्ट्रॉल. डोक्याचा दिवा आणि त्याचे जादा सेल, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. आणि उतारावर ते लागतातच. खायला तिखटमिठाचं, कारण पहाटे तीनला गोड घशाखाली उतरत नाही. क्रेप बँडेज, एक पातळ वारारोधक जाकीट, एक कोरडा टीशर्ट. चढताना घाम येतो आणि थांबलं की तोच घाम कुडकुडवतो; दोन स्वेटरांपेक्षा कोरडा टीशर्ट मोठा. पावसाळ्यात या वाटेला रात्री जाऊच नये, पण दिवसा गेलात तर सॅकवर चढवायचं ते सुंदर रंगीत रेनकव्हर धारेवरच्या पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर हडपसरला निघून जातं. त्यापेक्षा सॅकच्या आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घालावी आणि सामान तिच्यात भरावं. २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी झाली तरी आपल्या घरात गादीखाली किंवा ओट्याच्या खालच्या कप्प्यात पिशव्यांनी भरलेली एक पिशवी सापडतेच. आणि शिट्टी. छातीच्या पट्ट्यावरची ती शिट्टी शोभेची नाही. पाय मुरगळून कोणी खाली घसरलं तर ओरडून घसा बसतो, शिट्टी बसत नाही. भाच्याने मात्र ती कात्रजच्या थांब्यावरच, मित्र दिसल्यावर, वाजवून घेतली होती.

पहाटे आम्ही डांबरी रस्त्याला लागलो. तिथून गडावर जाणारी माणसं दोन प्रकारची होतात, चालत जाणारी आणि जीपची वाट बघणारी. जीप आली. जीपवाल्याने भाच्याकडे पाहिलं, मग त्याच्या पाठीकडे. "हिचं तिकीट पडंल," तो म्हणाला, "हिनं सीट घेतली." भाचा वाद घालणार होता, पण त्याच्याने बोलवेना.

गडावर गरम पिठलं-भाकरी, ठेचा, कांदाभजी आणि मडक्यातलं दही. तीस माणसं जमिनीवर फतकल मारून बसली आणि कोणाच्याही सॅकचा बंद उघडला गेला नाही. घरचं खाणं सगळ्यांपाशी होतं, पण गडावर येऊन पुरी-भाजी खायची हे पाप कोण करणार? दही आणणाऱ्या मावशी पायथ्याच्या गावच्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत मडकी, काखेला ताकाची कळशी, आणि हा सगळा गड त्या पायवाटेने चढून आलेल्या. भाच्याने अभ्यासू चेहऱ्याने विचारलं, "मावशी, किती किलो असेल हो हे?"

"मोजलं न्हाय कधी," मावशी म्हणाल्या. "मोजलं तर चढवंल व्हय?"

दुपारी घरी पोचल्यावर ताईने सॅक ताब्यात घेतली आणि ती उलगडायला बसली. दशम्या तशाच. चिवडा तसाच. बाकरवडीचं पाकीट फोडलेलं नाही. लाडवांचा डबा उघडला तर आतले लाडू उतारावरच्या आपटाआपटीने पुन्हा बेसनाच्या अवस्थेत गेलेले. "रात्रभर उपाशी राहिलास?" असं म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं. सामानात मला ज्या कामासाठी धाडलं होतं ते मी केलं नव्हतं. फक्त अंगाऱ्याची पुडी वापरलेली होती. पाचव्या टेकडीवर भाच्याने ती कपाळाला लावली होती आणि उरलेली माझ्याही.

सॅक झटकून माळ्यावर गेली. हिमालय अजून ठरायचा आहे. भाचा सध्या समुद्राखाली सिलिंडर लावून पोहणाऱ्यांचे व्हिडिओ बघतो आणि दाजींनी अजून त्याच्या लिटरांची चौकशी केलेली नाही.

परवा मात्र दाजी गिरणीवरून येताना दिसले. पाठीवर साठ लिटर, आत दहा किलो गव्हाचं दळण आणि वरच्या कप्प्यात ज्वारीचं वेगळं. दोन्ही पट्टे ओढून बसवलेले, छातीचा पट्टा लावलेला, शिट्टी व्यवस्थित आपल्या जागी. आणि कमरेचा पट्टा असा आवळलेला की त्या दुकानातल्या पोराने पाया पडावं.

"अहो, कमरेला बांधली की कळतच नाही," दाजी म्हणाले. "पोरगं उगीच नुसतं खांद्यावर वाहत होतं." मग सोसायटीच्या जिन्यात थांबून त्यांनी बक्कल सोडलं, दम घेतला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "ऐंशी लिटरची केवढ्याला मिळते?"